नाव मजुराचे, कान कारकुनाचा

परक्या माणसाचे नाव ऐकताना कान चुकतो, ही गोष्ट इतकी रोजची आहे की तिच्यात काही इतिहास असेल असे कुणाच्या मनात येत नाही. भाषाशास्त्राचे अध्यापक सांगतात की, प्रत्येक भाषेचे ध्वनी ठरलेले असतात. जो ध्वनी आपल्या भाषेत नाही तो आपल्या कानाला नीट ऐकू येत नाही. त्याच्या जवळचा दुसरा ऐकू येतो. इंग्रजाला ‘ट’ आणि ‘ठ’ यांतला भेद सहसा कळत नाही. तमिळ माणूस ‘क’ आणि ‘ग’ एकाच अक्षराने लिहितो. हे सगळे खरे आहे. पण हे स्पष्टीकरण जिथे थांबते तिथे आपला प्रश्न सुरू होतो. कान तर दोघांचेही चुकतात. मग एकाचीच चूक सरकारी नोंदवहीत जाऊन खरी का ठरते, आणि दुसऱ्याची चूक अडाणीपणात का जमा होते? नाव चुकण्याचा इतिहास हा कानाचा इतिहास कमी आणि लेखणीचा इतिहास जास्त आहे, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम एक साधे उदाहरण घेऊ, म्हणजे फरक ध्यानात येईल. कोकणच्या किनाऱ्यावर कित्येक पिढ्या राहिलेले बेने इस्राएल लोक तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. त्यांची मूळ नावे हिब्रू. ती मराठी तोंडात बसली तेव्हा यहेज्केलचा हसाजी झाला, शमुवेलचा सामाजी झाला, इसहाकचा इसाजी झाला. गावावरून दिवेकर, केहिमकर अशी आडनावेही आली. मुंबईत १७९६ साली पहिले सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे सामाजी हसाजी दिवेकर या नावानेही ओळखले जात. येथे नाव बदलले यात शंका नाही. परंतु दोन्ही नावे त्या माणसाच्या स्वतःच्या ताब्यात राहिली. प्रार्थनेत एक, बाजारात दुसरे. शेजारी राहणाऱ्या दोन समाजांत नावे अशीच झिजतात आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही. माणूस आपले नाव आपण सैल करतो, आपणच पुन्हा आवळतो.

आता जिथे हा ताबाच नव्हता तिकडे वळू.

ओलाउदा इक्वियानो या गुलाम केल्या गेलेल्या आफ्रिकी माणसाचे आत्मचरित्र १७८९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यात तो सांगतो की, एका जहाजावर त्याला मायकेल म्हणत, व्हर्जिनियातल्या मळ्यावर जेकब म्हणत. पुढे पास्कल नावाच्या नौदलातल्या अधिकाऱ्याने त्याला विकत घेतले आणि गुस्टाव्हस व्हासा असे नवे नाव दिले. हे नाव स्वीडनच्या एका राजाचे, आणि तेही आपल्या देशाला परक्यांच्या सत्तेतून सोडवणाऱ्या राजाचे! मालकाला ही थट्टा वाटली असावी. इक्वियानोने त्या नावाला ओ द्यायचे नाकारले, तेव्हा त्याला ठोसे खावे लागले. शेवटी त्याने ओ दिली. पुढे स्वतःची किंमत स्वतः भरून तो १७६६ साली मोकळा झाला, आणि आपल्या पुस्तकावर त्याने दोन्ही नावे छापली. मारून लादलेले नाव आणि आपले म्हणून सांगितलेले नाव, दोन्ही शेजारी शेजारी. त्याची ही कृती मला फार मोलाची वाटते. आपल्यावर काय लादले गेले हे त्याने झाकून ठेवले नाही.

येथे ऐकण्याचा प्रश्नच नव्हता. जुने नाव ऐकायचेच नव्हते. ऐकून लिहिण्याचा प्रश्न आला तो थोडा पुढे. ब्रिटिश संसदेने १८०७ साली गुलामांचा व्यापार कायद्याने बंद केला. त्यानंतर इंग्रजी नौदल अटलांटिकमध्ये गुलामांची जहाजे पकडू लागले आणि पकडलेल्या माणसांना सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउन बंदरात उतरवू लागले. काही जहाजांची चौकशी क्युबातल्या हवानामध्ये होई. तिथे प्रत्येक माणसाचे नाव, वय, उंची आणि अंगावरच्या खुणा वहीत लिहिल्या जात. फ्रीटाउनला लिहिणारा इंग्रज, हवानाला स्पॅनिश, मध्ये दुभाषा. एकच आफ्रिकी नाव एका वहीत इंग्रजी वळणाने पडले, दुसऱ्या वहीत स्पॅनिश वळणाने. अशी ९१,००० हून अधिक माणसांची नावे आज एकत्र केलेली आहेत. गंमत अशी की, इतिहासकारांनी ती चुकीची लिहिलेली नावे मोठ्याने उच्चारून आजच्या आफ्रिकी भाषा बोलणाऱ्यांना ऐकवली, आणि त्यांतल्या कितीतरी नावांची भाषा व मुलूख ओळखता आला. म्हणजे वाकडी का होईना, नोंद उरली तर नातवंडांना वाट सापडते. नोंदच नसेल तर सापडत नाही. अमेरिकेतल्या काळ्या माणसाची हीच तर व्यथा. १९५२ साली तुरुंगातून सुटलेल्या माल्कम लिटलने आडनाव टाकून ‘एक्स’ लावले, ते पूर्वजांचे खरे नाव कळण्याची वाट राहिली नव्हती म्हणून. १९६४ साली कॅशियस क्ले मुहम्मद अली झाला तेव्हा जुने नाव हे गुलामीचे नाव आहे, असे त्याने जाहीरपणे सांगितले. १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिताना जोतीराव फुल्यांनी ते पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले, आणि १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव त्यांच्याच काळ्या बांधवांकडून घेतले. त्यामुळे नावाचा हा लढा आपल्याला परका नाही.

गुलामी कायद्याने संपली, पण उसाच्या मळ्यांना हात हवेच होते. ते हात हिंदुस्थानातून नेले गेले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून ३६ मजूर मॉरिशसला उतरले. ते छोटा नागपूरकडच्या डोंगराळ मुलखातले होते. त्यानंतर १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे त्या बेटावर गेली. मुंबई बंदरातून गेलेले मराठी मजूरही त्यांत होते. १८३८ साली गयाना, १८४५ साली त्रिनिदाद, १८६० साली नाताळ, १८७३ साली सुरिनाम, १८७९ साली फिजी, अशी ही साखळी वाढत गेली. त्रिनिदादला पहिले मजूर नेणाऱ्या जहाजाचे खरे नाव ‘फत्ह अल् रझाक’. अर्थ, अन्नदात्या अल्लाचा विजय. इंग्रजी कागदात त्याचे ‘फॅटेल रोझॅक’ झाले. माणसे उतरायच्या आधी जहाजाचेच नाव चुकले होते!

या मजुरांची नावे कशी लिहिली जात ते नीट पाहिले पाहिजे. भरतीवाला खेड्यातून किंवा जत्रेतून माणूस गाठी, जिल्ह्याच्या ठिकाणी त्याची नोंद होई, मग कलकत्त्याच्या किंवा मद्रासच्या डेपोत त्याचा परवाना तयार होई. फिजीला जाणाऱ्याच्या परवान्यावर नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, ठाणे, गाव, उंची आणि अंगावरची खूण असे रकाने होते. सांगणारा भोजपुरी, अवधी किंवा तेलुगू बोलणारा, बहुधा निरक्षर. लिहिणारा पुष्कळदा इंग्रजी शिकलेला देशी कारकून. जे ऐकू आले ते त्याने रोमन अक्षरांत उतरवले. मजुराला ते वाचता येत नव्हते, म्हणून दुरुस्त करता येत नव्हते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर १८९२ ते १९५४ या काळात परदेशी माणसांची तपासणी होई. तिथल्या गोऱ्या अधिकाऱ्याने आमचे नाव बदलले, असे हजारो कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते. संशोधकांनी कागद तपासले तेव्हा दिसले की, तिथला अधिकारी नाव लिहीतच नव्हता. तो निघालेल्या बंदरात तयार झालेल्या यादीशी माणूस ताडून पाहत होता. पुढे कारखान्यात, शाळेत, शेजाऱ्यांत वावरताना बहुतेकांनी नावे स्वतःच बदलली. फिजीच्या मजुराचीही गत अर्धी तशीच आहे. नाव लिहिले गेले ते समुद्रापलीकडे गोऱ्या मळेवाल्याच्या दारात नव्हे. ते आपल्याच बंदरात, आपल्याकडच्याच माणसाच्या हातून लिहिले गेले. साम्राज्य इंग्रजांचे होते, पण लेखणी धरणाऱ्या देशी हाताला त्यातून सूट देता येत नाही.

आणखी एक गोष्ट. कारकुनाला मजुराचे नाव नीट ऐकू आले नाही; जातीचा रकाना मात्र त्याने सहसा रिकामा सोडला नाही. चमार, कुर्मी, अहीर, कोरी असे शब्द त्या कागदांवर हजारोंनी सापडतात. फिजीचे इतिहासकार ब्रिज लाल यांनी ४५,००० हून अधिक परवाने तपासून १९८३ साली आपला ग्रंथ लिहिला, तो याच रकान्यांच्या आधारावर. माणसाचे नाव अंदाजाने आणि जात नक्की, हा त्या कागदाचा स्वभाव. आपल्याला तो ओळखीचा वाटला तर नवल नाही.

पण समुद्र ओलांडल्यावर तोच कागद मजुराच्या कामीही आला. एकाच शब्दाचे नाव घेऊन गेलेल्या माणसाचे नाव मुलांच्या नावामागे लागले आणि नातवंडांचे ते आडनाव झाले. सासू-सासऱ्यांना, गावाला, भटाला विचारायची गरज उरली नाही. नाताळमध्ये दक्षिणेकडच्या जमीनदार जातींच्या पदव्या आडनावे बनल्या. मुदलियारचे मूडली झाले, गौंडरचे गोव्हेंडर झाले. आडनाव ऐकून मूळ जात सांगणे पुढे अवघड होत गेले. त्रिनिदादमध्ये तर जन्माचे ब्राह्मण आणि जहाजाचे ब्राह्मण असा चेष्टेचा शब्दप्रयोग रूढ झाला. चेष्टा करणारे करोत. चार-चार महिन्यांचा प्रवास एकाच तळघरात, एकाच भांड्यातले खाऊन केलेली माणसे एकमेकांना जहाजी भाई म्हणू लागली. नाव बदलता येते तर जातही बदलता येते, हे त्यांना जहाजाने शिकवले.

मॉरिशसचे पहिले पंतप्रधान सीवूसागर रामगुलाम, पुढचे अनेरूद जगनॉथ. त्रिनिदादच्या पंतप्रधान कमला परसाद-बिसेसर. सुरिनामचे नेते जागरनाथ लछमन. आपल्याकडचा शिकलेला माणूस ही नावे वाचतो आणि हसतो किंवा हळहळतो. तो म्हणतो, बिचाऱ्यांची नावे बिघडली. खरे नाव शिवसागर, अनिरुद्ध, प्रसाद, विश्वेश्वर, जगन्नाथ. या हळहळीकडे जरा संशयाने पाहायला हवे. मॉरिशसचे जगनॉथ आणि सुरिनामचे जागरनाथ या दोन रूपांत फ्रेंच, इंग्रजी आणि डच लेखनाचा हात आहे, हे कबूल. पण ‘बिसेसर’ आणि ‘परसाद’ यांत गोऱ्याची चूक कुठे आहे? भोजपुरी मुलखातला शेतमजूर आपल्या मुलाला बिसेसर अशीच हाक मारीत होता. त्याच्या आईनेही त्याला कधी विश्वेश्वर म्हटले नसेल. म्हणजे परक्या अक्षरांत का होईना, त्या माणसाच्या तोंडचे नाव उतरले. विश्वेश्वर हेच खरे, असे म्हणणारा पंडित मात्र दुसऱ्यांदा तीच गोष्ट करतो. तोही ऐकत नाही. कारकून बेपर्वाईने ऐकत नव्हता, पंडित शुद्धीच्या अभिमानाने ऐकत नाही. दोघांनाही नाव धारण करणाऱ्याला विचारावेसे वाटत नाही.

आणि मजुरांचे कान? तेही चुकले, किंबहुना त्यांनी मुद्दाम चुकवले असे वाटावे इतके सुंदर चुकले. ‘ॲग्रीमेंट’चे त्यांनी गिरमिट केले आणि स्वतःला गिरमिटिया म्हणवून घेतले, सुरिनाममध्ये ‘कॉन्ट्रॅक्ट’चे कंत्राकी झाले. त्रिनिदाद हा साखरेचा देश म्हणून चिनीदाद. मॉरिशसचे मिरिच देश. डेमेरारा नदीच्या मुलखाचे डमरा. सुरिनाम म्हणजे श्रीराम असेही सांगितले जाई. त्यात भरतीवाल्यांची फसवणूक होती आणि फसलेल्यांची आशाही होती. हे शब्द कुठल्या सरकारी वहीत गेले नाहीत. ते गाण्यांत, बोलण्यात राहिले. पण आज त्या देशांचा इतिहास लिहिणारेही ‘गिरमिट’ हा शब्द वापरतात. लेखणी नसलेल्यांचा कानही इतिहासात टिकू शकतो, याचा हा पुरावा आहे.

आता आपल्या अंगणात यायला हवे. समुद्र न ओलांडता आपल्या माणसांची नावे कुणी बदलली? येथे परक्या भाषेची सबब नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे नाव निंदावाचक असावे, असा नियमच घालून दिला आहे. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जो ग्रंथ जाळला गेला, त्यात हाही नियम होता. कचरू, धोंडू, दगडू, केरू ही नावे पोरे जगत नाहीत म्हणून नजर लागू नये यासाठीही ठेवली जात, आणि ती सर्वच जातींत आढळतात, हे खरे. उत्तरेत छेदी, घुरहू अशी नावे याच कारणाने ठेवतात. पण धोंडोपंत आणि धोंड्या यांत अंतर कुणी पाडले? नाव एकच, धोंडूच. गावाने एकाच्या मागे ‘पंत’ जोडले, दुसऱ्याचा शेवट तोडून ‘या’ लावला. गावाचा कान चुकला नव्हता. त्याला नाव स्वच्छ ऐकू आले होते आणि मग त्याने ते वाकवले. म्हणून मॉरिशसच्या कारकुनापेक्षा आपल्या गावाचा गुन्हा मोठा आहे. दगडू मारुती पवार आणि दया पवार ही एकाच माणसाची दोन नावे. ‘बलुतं’ (१९७८) मध्ये या दोघांना समोरासमोर बसवावे असे लेखकाला वाटले, ते उगीच नव्हे.

उलट कोरेगावचा स्तंभ पाहा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे त्यावर कोरली आहेत, आणि त्यांतली २२ नावे ‘नाक’ने संपणारी आहेत. कंपनी सरकारने ती प्रेमापोटी कोरली नाहीत. सैन्याच्या हजेरीपटात होती म्हणून कोरली. पण इंग्रजी अक्षरांत वेडीवाकडी का होईना, ती उरली. ‘नाक’ हा शेवट आपल्या घरांतून पुढे गळून गेला. आज आपल्या मुलांना तो वाचायला त्या दगडापाशी जावे लागते. फ्रीटाउनच्या वहीचे आणि या दगडाचे नाते मला याच जागी दिसते.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपण नावे स्वतः ठेवू लागलो. सिद्धार्थ, गौतम, मिलिंद, प्रज्ञा, संघमित्रा. मनूचा नियम पाळण्यासाठी नव्हे आणि गावाला आवडावे म्हणूनही नव्हे. ही नावे तोडून ‘या’ लावणे गावाला सोपे गेले नाही. नाव ठेवण्याचा अधिकार हाती घेणे म्हणजे काय, हे त्या एका पिढीने शाळेच्या हजेरीपटावर दाखवून दिले.

पण लढा संपलेला नाही. तो आता कागदावर आला आहे. आमच्या घरात शाळेत जाणारा पहिला मी. माझ्या वडिलांचे नाव माझ्या शाळेच्या दाखल्यावर एका तऱ्हेने आहे, रेशनकार्डावर दुसऱ्या तऱ्हेने, मजुरीच्या हजेरीवर तिसऱ्या. वडिलांना तिन्ही वाचता येत नव्हती. महाविद्यालयात प्रवेशाच्या दिवसांत दरवर्षी असे विद्यार्थी माझ्यासमोर उभे राहतात. आईने सांगितलेले ‘इठाबाई’ गुरुजींनी ‘विठाबाई’ केलेले असते. गुरुजींना वाटते, आपण उपकार केले. आधार कार्डावर इंग्रजीतून मराठीत येताना आणखी एक रूप तयार झालेले असते. जन्मतारीख १ जून. मग जातपडताळणीच्या वेळी विचारले जाते, हा आजोबा आणि हा आजोबा एकच कशावरून? प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नाव छापून आणा. चूक लिहिणाऱ्याची, आणि ती निस्तरण्याचा खर्च व हेलपाटे ज्याचे नाव त्याला. शिष्यवृत्तीची मुदत तोवर संपून जाते. गिरमिटियाच्या परवान्यातला आणि या दाखल्यातला न्याय एकच आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी काही कामे हाती घ्यावीत असे वाटते. वस्तीतल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांकडून त्यांची, त्यांच्या आईबापांची, आज्या-पणज्यांची नावे त्यांच्या तोंडी जशी येतात तशीच लिहून घ्यावीत. शुद्ध करू नयेत. शेजारी कागदावरचे रूप लिहावे आणि तो कागद कुठला तेही लिहावे. इक्वियानोने पुस्तकावर दोन्ही नावे छापली, तसेच. अशी वही उद्या पडताळणीच्या कचेरीतही उपयोगी पडेल आणि इतिहास लिहिणाऱ्यालाही. बायकांची नावे आधी घ्यावीत; कारण त्यांचे माहेरचे नाव लग्नात बदलले जाते आणि मग ते कुठल्याच कागदावर उरत नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव लिहिणे सरकारी कागदांसाठी आवश्यक झाले आहे. त्याआधीच्या आयांची नावे आपण लिहिली नाहीत तर कुणी लिहिणार नाही.

आणि शिक्षकांनी एवढे तरी करावे की, हजेरीपट उघडताना पहिल्या दिवशी मुलाला विचारावे, ‘तुझे नाव तू कसे सांगतोस?’ तो सांगेल तसे लिहावे, आणि लिहिलेले त्याला वाचून दाखवावे. कलकत्त्याच्या डेपोत लाखो माणसांपैकी फारच थोड्यांच्या वाट्याला एवढे आले असेल.